पाहुणा जेवत नाही

विमा विकणाऱ्या माणसावर कोणी पटकन विश्वास ठेवत नाही. ठेवला असता तर कमिशन कशाचं मिळालं असतं? ठाकुर्लीपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात मी वर्षानुवर्षं हेच काम करत आलोय. समोरचा दार अर्धं उघडून 'आम्हाला नको' म्हणतो. तिथून सुरुवात करून त्याच्याच सोफ्यावर बसायचं आणि त्याच्याच घरचा चहा पीत त्याच्या मृत्यूविषयी प्रसन्न चेहऱ्याने बोलायचं, हे कसबाचं काम आहे. थोडं पुढे झुकून बसायचं. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. दर दोन वाक्यांनी समोरच्याचं नाव घ्यायचं. हसत राहायचं. आणि 'नको' म्हणाला की पुढच्या रविवारी पुन्हा हजर व्हायचं. त्यामुळे मुलीने बजी पाळायचा हट्ट धरला आणि "बाबा, पण तो आधी खूप घाबरतो, त्याचा विश्वास मिळवावा लागतो," असं बजावलं, तेव्हा मी म्हटलं, "ते खातं माझ्याकडे."

बजी म्हणजे बजरीगर. आपल्याकडच्या दुकानांत तो सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणून विकला जातो. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले आणि हा ऑस्ट्रेलियातला. पण स्टेशनजवळच्या त्या दुकानात भूगोलाला फारसं स्थान नव्हतं. एका मोठ्या पिंजऱ्यात हिरवे, पिवळे, निळे, पांढरे असे किती तरी पक्षी एकाच वेळी बोलत होते आणि कोणीही कोणाचं ऐकत नव्हतं. मुलगी म्हणाली, रानातला मूळ बजी हिरवा-पिवळाच असतो. बाकीचे रंग माणसाने पिंजऱ्यात जोड्या जुळवून काढलेले. दुकानदार म्हणाला, "निळ्याला शंभर जास्त."

मुलगी सहावीत असली तरी खरेदीला तयारी करून आली होती. कपाळावरच्या काळ्या पट्ट्या थेट चोचीपर्यंत आल्या असतील तर पिल्लू लहान. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं. लहान पिल्लू लवकर माणसाळतं. नाकपुड्यांभोवतीचा मऊ पट्टा मोठेपणी निळा झाला तर नर, तपकिरी झाला तर मादी. पिल्लात मात्र तो रंग धड ठरलेला नसतो. दुकानदाराला ही अडचण नव्हती. त्याच्याकडचे सगळे नर होते आणि सगळे बोलणारे होते. "सुट्टा देत नाही, जोडी घ्या," म्हणाला. आम्हाला एकच हवा होता, कारण दोघं असले की ते एकमेकांत रमतात आणि माणसाकडे बघायची त्यांना गरज उरत नाही. जोडीदार नंतर बघू, असं ठरवून, म्हणजे मुलांच्या लग्नाबाबत आपण जे बोलतो तेच बोलून, आम्ही एक हिरवा घेतला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याला घालता घालता दुकानदाराने कात्री उचलली. "पंख कापून देऊ? फुकट आहे. उडणार नाही, मग आपोआप हातावर बसतो."

बायको इतका वेळ पर्समधले सुट्टे पैसे मोजत होती. ती म्हणाली, "उडता येत नाही म्हणून बसला, तर त्याला विश्वास म्हणायचं का?"

मला एकदम गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या पॉलिस्या आठवल्या. मी दुकानदाराला कात्री खाली ठेवायला सांगितली.

घरी आल्यावर आईने खोक्याच्या भोकातून पाहिलं आणि विचारलं, "एवढासाच? खरा पोपट का नाही आणलास?" तिला मी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगितला. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, हा परदेशी म्हणून चालतो. "म्हणजे बाहेरचा आला तर त्याला कोंडलं तरी चालतं?" आई म्हणाली. कायद्याचा हा अर्थ मला तोवर कोणी सांगितला नव्हता. मग नावावरून वाद झाला. मुलीने 'कीवी' ठरवलं होतं. आईने कुठल्याही चर्चेत भाग न घेता त्याला 'राघू' म्हणायला सुरुवात केली. बायको पहिले कित्येक दिवस त्याचा उल्लेख 'ते' असा करायची, म्हणजे 'त्याचं ते पाणी बदललं का', 'त्या त्याच्यावर फडकं टाका'.

वजन म्हणाल तर तीस-चाळीस ग्रॅम. आमच्या आईचा बेसनाचा लाडू त्याहून जड भरतो. एवढ्या वजनात चोच, शेपूट, चार नख्यांचे दोन पाय आणि एक पूर्ण वाढलेला संशयी स्वभाव बसवलेला असतो, हे बघून निसर्गाचं कौतुक वाटतं.

पिंजरा आम्ही हॉलमध्ये, भिंतीला पाठ लावून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. एका बाजूला तरी भिंत असली की पक्ष्याला पाठीमागची काळजी राहत नाही. वाटीत राळे, वरी आणि थोडी बाजरी. कडेला कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा. पक्षी आत गेला, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या दांडीवर चढला, सगळी पिसं अंगाला घट्ट चिकटवून उभा राहिला आणि हलेचना. वाटीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

यात काळजी करण्यासारखं काही नाही, असं मुलीने सांगितलं. नव्या जागी पक्षी सुरुवातीला खात नाही. दाणा टिपायचा म्हणजे मान खाली घालायची, आणि मान खाली घातली की वरून काय येतंय ते दिसत नाही. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला. पाऊस जिकडे पडेल तिकडे हजारोंच्या थव्याने गवताचं बी खात फिरायचं, पाणवठ्यावर उतरायचं, आणि ससाणा झडप घालायच्या आत उठायचं, हे त्याचं आयुष्य. जॉन गूल्ड नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 साली जिवंत बजी इंग्लंडात नेले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पसरले. आमच्या पक्ष्याच्या खापरपणजोबानेसुद्धा ऑस्ट्रेलिया पाहिला नसणार. पण ससाण्याची भीती तेवढी वारसाहक्काने थेट त्याच्यापर्यंत पोचली होती, कुठेही नॉमिनी न लावता.

हे सगळं आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पिंजऱ्यासमोर बसली.

इथे आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणा उपाशी जात नाही, एवढंच म्हणणं पुरेसं नाही. आमच्याकडे पाहुणा नुसता जेवूनही जात नाही. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून आई पुरणपोळी वाढते. 'पोट भरलं' हे विधान ती संवादाची सुरुवात मानते. मधुमेहाचं निदान झालेल्या मामांना तिने श्रीखंड 'चक्का काय, दहीच असतं' म्हणून वाढलेलं आहे. माझ्या धंद्यातलं जे काही यश आहे, त्याचं मूळ या स्वयंपाकघरात आहे. ती पोळीचा आग्रह करते, मी पॉलिसीचा.

तर आई पिंजऱ्याच्या जाळीपाशी तोंड नेऊन, पुढे झुकून, डोळे त्याच्यावर रोखून म्हणाली, "खा रे राजा. एकच दाणा. माझ्यासाठी." पक्ष्याने अंग आणखी बारीक केलं. आई आणखी पुढे झुकली. "लाजू नकोस. तुझंच घर आहे."

मुलीने धावत येऊन आजीची खुर्ची मागे ओढली. पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, कारण त्याचं काम पळण्याचं. दोन्ही डोळे समोर असतात ते शिकाऱ्याचे. तेव्हा समोर ठाण मांडून बसलेला, दोन्ही डोळे रोखलेला, दात दाखवत पुढे पुढे सरकणारा आणि खाण्याविषयी बोलणारा प्राणी बघून राघूला काय वाटलं असेल? त्याच्या पूर्वजांना असे प्राणी भेटले तेव्हा खाणं ठरलेलंच असायचं. कोणी कोणाला, एवढाच प्रश्न.

मी सोफ्यावर बसून हे ऐकत होतो. पुढे झुकायचं, डोळ्यांत बघायचं, हसायचं, नाव घ्यायचं, नको म्हटलं तरी पुन्हा यायचं. माझी सगळी विद्या म्हणजे ससाण्याची विद्या होती.

मग घरात नवी शिस्त आली. पिंजऱ्याजवळ बसायचं, पण बाजू करून. बोलायचं, पण त्याच्याशी नाही. हालचाल सावकाश. जाताना पायांचा आवाज करत जायचं, म्हणजे तो दचकत नाही. चोरपावलांनी फक्त मांजर येतं. बायको शाळेत शिकवते. ती म्हणाली, "वर्गात मी काही न बोलता एकाकडे टक लावून बघते, तेव्हा पोरं घाबरून गप्प बसतात. म्हणजे इथे सगळं उलटं करायचं. सोपं आहे." तिला खरंच सोपं गेलं. आईला जड गेलं. एखाद्याला वाढून ठेवायचं आणि मग त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, हे तिच्या मते वैऱ्यालाही करू नये.

त्यावर मुलीने तोड काढली. बजी थव्यात खातात. एक खायला लागला की बाकीच्यांना धीर येतो. तेव्हा आजीने पिंजऱ्याजवळ, तोंड टीव्हीकडे करून, स्वतःच खावं. दुपारी आई कांदेपोह्यांची बशी घेऊन बसली. मालिका लावली. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याला न विचारता खात होती आणि त्याचं दुःख तिच्या पाठीवरसुद्धा दिसत होतं. पोहे अर्धे झाले तेव्हा मागून वाटीत चोच आपटल्याचा बारीक टकटक आवाज आला. आई वळली नाही. तिने टीव्हीचा आवाज बंद केला, फोन उचलला आणि कुजबुजत्या आवाजात मावशीला कळवलं, "जेवतोय."

ही बातमी सोसायटीत पसरली आणि सल्लागार यायला लागले. वरच्या मजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीतल्या प्रत्येक विषयात लक्ष घालतात. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "एकटाच? पाप लागेल हो." मग मिरची द्या म्हणाले, मिरचीने जीभ मोकळी होते. पक्ष्यांना मिरचीचं तिखट मुळी जाणवतच नाही, असं मुलीने सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच द्यायची." तळमजल्यावरच्या काकूंनी आरसा सुचवला. आरसा ठेवला तर पक्षी आरशातल्याच्या प्रेमात पडतो आणि मग माणसांनी कितीही मनधरणी केली तरी व्यर्थ. तिसरे एक जण होते त्यांचा सल्ला सरळ होता: धरून मुठीत ठेवायचा, दोन दिवसांत सवय होते. त्यांच्या सुना त्यांच्याशी का बोलत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं. आणि जो येई तो जाळीतून बोट घालून "मिठू, बोल मिठू मिठू" म्हणे. पोपट दिसला की अनोळखी माणसाने त्याला बोलायची आज्ञा करायची, ही चाल कुठून आली असेल? अनोळखी माणसाच्या बाळाला निदान आधी किती महिन्यांचं ते विचारतात.

पुढचा टप्पा हाताचा. हे काम माझ्याकडे आलं, कारण खातं माझ्याकडे होतं. पक्ष्याच्या हिशेबात माणूस आणि माणसाचा हात हे दोन वेगळे प्राणी असतात. माणूस तितकासा वाईट नाही, तो पाणी बदलतो. हात मात्र पाच बोटांचा असतो, वरून येतो, आणि दुकानात त्याने काय केलं ते पक्ष्याला आठवत असतं. म्हणून हात कधी वरून न्यायचा नाही. आधी पिंजऱ्याबाहेर नुसता टेकवून ठेवायचा. मग दारात. मग आत. तो आक्रसला की तिथेच थांबायचं. आणि यातली खरी मेख पुढे आहे: तो सैलावला, पिसं जरा मोकळी केली, की हात आणखी पुढे रेटायचा नाही, मागे घ्यायचा. म्हणजे त्याला समजतं की मी शांत राहिलो तर हा जातो. याला घाबरायचं कारण नाही.

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक सैलावलं की फॉर्म पुढे करतात.

कुतूहल म्हणून मी ही पद्धत एका गिऱ्हाइकावर वापरून पाहिली. त्यांच्या घरी बाजू करून बसलो, खिडकीकडे बघत हवापाण्याबद्दल बोललो, विम्याचं नाव काढलं नाही, आणि ते जरा आरामात रेलले तसा नमस्कार करून उठलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा आमच्या घरी फोन आला, यांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

राघूच्या बाबतीत हातात राळ्याचं कणीस धरायचं होतं. राळा हे या जमातीचं व्यसन आहे. सुटे दाणे रोज मिळतात, पण सबंध कणीस म्हणजे चैन, आणि ते फक्त हातातच मिळतं असं धोरण. रस्त्यावरच्या ज्योतिषाचा पोपट पिंजऱ्यातून ऐटीत बाहेर येऊन लोकांच्या भविष्याची पाकिटं काढायचा, त्याचंही गुपित प्रत्येक पाकिटामागे मिळणारा दाणा हेच होतं. आपण मात्र घाबरून जायचो, याला आपली साडेसाती कशी कळली म्हणून.

मी रोज संध्याकाळी हात आत घालून बसायचो. हात स्थिर राहायचा, तोंड राहायचं नाही. "घे की रे," निघून जायचं. "बरं, राहू दे. पण छान आहे हां." बायको वह्या तपासता तपासता न बघता म्हणायची, "झुकलात." मी सरळ व्हायचो. राघू कणसाकडे एका डोळ्याने बघायचा, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने बघायचा, दोन्ही डोळ्यांचं एकमत व्हायचं नाही, आणि तो परत कोपऱ्यात जायचा. 'विचार करून सांगतो' हे मी हजारो लोकांच्या तोंडून ऐकलंय. पण इतक्या स्वच्छपणे कोणी सांगितलं नव्हतं.

ते जमलं त्या संध्याकाळी माझा डावा हात पिंजऱ्यात होता आणि उजव्या हातातल्या फोनवर बदलापूरचे एक गृहस्थ होते. या गृहस्थांनी मला दोन दिवाळ्या झुलवलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपल्या साडूच्या बुडालेल्या पैशांची कथा सुरुवातीपासून लावली. मध्ये बोलायला जागा नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत 'हं', 'हं', 'अरेरे' करत उभा राहिलो आणि डावा हात आपल्या अंगाला आहे हेच विसरलो. साडू दुसऱ्यांदा बुडत असताना कणसाला हिसका बसला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. राघू माझ्या मनगटावर एक पाय आणि दांडीवर एक पाय ठेवून कणीस सोलत होता. फोलपटं माझ्या बाहीत जात होती. मला श्वास घ्यायचं धाडस होईना, तिकडे गृहस्थ विचारत होते, "ऐकताय ना?" मी ऐकतोय असं सांगायलाही तोंड उघडलं नाही. माझ्या त्या गप्प राहण्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला कोण जाणे, पण शेवटी ते म्हणाले, "बरं, या रविवारी फॉर्म घेऊन."

त्यानंतरचं भराभर झालं. बोट पोटाशी, पायांच्या जरा वर अलगद टेकवलं की पक्षी आपोआप त्यावर चढतो. समोर चढण आली की पाय उचलायचा हे त्याच्या अंगातच असतं. काही दिवसांत राघू बोटावर, बोटावरून खांद्यावर, खांद्यावरून मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकावर गेला आणि त्याने दक्षिण अमेरिकेची कड कुरतडली.

घरावर मात्र याचे परिणाम झाले. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही, जीवही जातो, असं समजल्यावर बायकोचा लाडका तवा माळ्यावर गेला आणि आईचा बिडाचा तवा खाली आला. आईने तो घासताना एक शब्दही काढला नाही. इतक्या वर्षांचा वाद तीस-चाळीस ग्रॅमच्या माणसाने तिच्या बाजूने निकालात काढला होता, तिथे वकिली कशाला? तिने फक्त त्या आठवड्यात तीनदा घावनं केली.

दुसरा परिणाम पंख्याचा. राघू बाहेर सुटायचा तेव्हा खिडक्या बंद आणि पंखा बंद. मे महिना, डोंबिवली. आम्ही चौघं हॉलमध्ये घामाने निथळत बसायचो आणि तो ट्यूबलाइटवरून टीव्हीवर, टीव्हीवरून पडद्याच्या दांडीवर हिंडायचा. "खिडकी तरी उघडा," असं आई म्हणाली, तेव्हा मुलीने चर्चिलचा दाखला दिला. इंग्लंडच्या पंतप्रधानांनी म्हातारपणी टोबी नावाचा बजी पाळला होता. 1961 साली मॉन्टे कार्लोच्या हॉटेलातल्या उघड्या खिडकीतून तो उडाला तो गेलाच. आई म्हणाली, "ज्याने हिटलरला आवरलं त्याला खिडकी नाही आवरली?" आणि पदराने वारा घेत बसली.

आता बोलण्याविषयी. कोणीही आलं की हेच विचारतं. नर बजी बोलतात, काही तर अफाट बोलतात. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीला 1,728 शब्द येत, अशी गिनेस बुकात नोंद आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा स्पार्की विल्यम्स 1958 साली बीबीसीच्या बोलक्या पक्ष्यांच्या स्पर्धेत पहिला आला. त्याच्या बोलण्याची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मेल्यावर त्याला पेंढा भरून संग्रहालयात ठेवलं, तो अजून तिथे आहे. आमचा राघूही बोलतो. पण बजी फार जलद आणि खरखरीत आवाजात बोलतो, त्यामुळे काय म्हणाला ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. आईला 'राम राम' ऐकू येतं. मुलीला 'कीवी' ऐकू येतं. मला एकदा स्पष्ट 'प्रीमियम' ऐकू आलं. बायकोला 'चिर्र चिर्र' ऐकू येतं.

एका आवाजाबद्दल मात्र दुमत नाही. आमच्या दाराची बेल पक्ष्याच्या किलबिलाटाची आहे. मध्यंतरी घरोघरी तीच असायची. राघूला पहिल्यापासून वाटायचं की दारात कोणी जातभाई अडकलाय. बेल वाजली की तो जिवाच्या आकांताने उत्तर द्यायचा. मग त्याने ती बेल जशीच्या तशी उचलली, शेवटच्या घरघरीसकट. आता दिवसातून कितीदा तरी आई उठून दार उघडते आणि बाहेर कोणी नसतं. खरी बेल वाजते तेव्हा "तोच असेल" म्हणून कोणी उठत नाही. परवा दुसऱ्या एका कंपनीचा विमा एजंट बराच वेळ दाराशी उभा राहून परत गेला. हे पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून मी बेल बदललेली नाही.

रात्री पिंजऱ्यावर फडकं टाकायच्या आधी तो एक पाय पोटाशी घेऊन बसतो आणि चोचीवर चोच घासत बारीक करकर आवाज करतो. हे समाधानाचं लक्षण. सावध पक्षी असा बसत नाही. मी जांभई दिली की कधी कधी तोही देतो. बजींमध्ये जांभई एकाची दुसऱ्याला लागते, असं 2015 मध्ये संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं आहे. माझी त्याला लागते की बातम्या ऐकून त्यालाही कंटाळा येतो, हे सांगणं कठीण.

आणि आता तो आग्रह करायला लागलाय. नर बजीचं एखाद्यावर मन बसलं की तो समोर येऊन मान वरखाली हलवतो, पोटातले भिजलेले दाणे परत चोचीत आणतो आणि प्रेमाने भरवतो. जोडीदारणीसाठीची ही रीत. जोडीदारीण नसली तर जे कोणी घरात असेल त्यांच्यावर भागवतो. सुरुवात माझ्या अंगठ्यापासून झाली. मग आईच्या बांगडीला भरवून झालं, बायकोच्या लाल पेनला झालं. परवा वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविषयी बोलायला आले होते. आईने त्यांच्यापुढे शिऱ्याची बशी ठेवली आणि ते नको नको म्हणत असतानाच राघू त्यांच्या खांद्यावर उतरला. तिथून चष्म्याच्या काडीवर गेला. काचेत बघितलं, मान हलवायला लागला.

"हा काय करतोय?" काकांनी न हलता विचारलं.

"तुम्ही आवडलात त्याला," मुलगी म्हणाली.

काचेवर तीन-चार ओले राळे चिकटले. काकांनी चष्मा काढायला हात वर नेला, तशी आई जवळजवळ ओरडलीच, "अहो, हात वरून नको! आणि पुसू नका इतक्यात, वाईट वाटेल त्याला. थोडं घ्या." मग शिऱ्याची बशी त्यांच्याकडे सरकवत म्हणाली, "आणि हेही घ्या. साखर नाहीच म्हटलं तरी चालेल."